बाबांचे "खालचे" आणि आमचं अ‍ॅमस्टलवीनचं बिऱ्हाड

मंडळी, बडोद्यातल्या आपल्या वाड्यांबद्दल आपण सगळेच हौसेने लिहितो. झोपाळा, देवघर, चौकातली विहीर, दहा दिवसांचा गणपती, सगळं येतं. वाड्यात खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बिऱ्हाडकरूंबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. लिहिलंच तर "पुढे भाडेकऱ्यांनी जागा अडवली आणि वाडा गेला" एवढं एक वाक्य. आमच्या घरातही तेच वाक्य होतं. ते मी चाळीस वर्षं ऐकलं, खरं मानलं, आणि मग परदेशात स्वतःच भाडेकरू झालो. त्याची ही हकीकत. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमचा वाडा दांडिया बाजारात. पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत हिशेबाच्या कामावर होते, त्यांनी बांधला. खाली दोन खोल्या रिकाम्या होत्या. 1939 साली त्या एका कुटुंबाला नऊ रुपये महिन्याने दिल्या. घरात त्यांना आडनावाने कधीच हाक मारली गेली नाही. ते "खालचे". आजोबांच्या काळात भाड्यावरून भांडण सुरू झालं, मग पाणी कुणी किती भरायचं यावरून, मग कोर्ट. घरपट्टीचा वाटा धरून नऊचे पुढे बावीस झाले, आणि 1985 साली माझ्या शाळेच्या रिक्षाचे महिन्याला चाळीस पडत होते. बाबा हा हिशेब दर महिन्याला मोठ्याने सांगायचे. मागची भिंत पावसाळ्यात पाझरायची. खालचे म्हणायचे, दुरुस्ती मालकाने करायची, कायदाच आहे. आजोबा म्हणायचे, बावीस रुपयांत विटाही येत नाहीत. दोघांचंही खरं होतं आणि भिंत ओलीच राहिली. मला खालच्यांच्या मुलांशी खेळायला बंदी होती. मी खेळायचो. खडकीच्या बाहेर, ओटल्यापलीकडे, बाबा ऑफिसला गेल्यावर.

2004 साली वाडा बिल्डरला दिला. खालच्यांना त्यांच्या हक्काचा वाटा म्हणून पैसे मिळाले. बाबांनी तो व्यवहार एखाद्या मयताला जावं तसा उरकला आणि आम्ही अलकापुरीकडे फ्लॅटमध्ये आलो.

आता 2017. कंपनीने मला नेदरलँड्सला पाठवलं. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी. ऑफिस अ‍ॅमस्टरडॅमच्या दक्षिण टोकाला, म्हणून घर शेजारच्या अ‍ॅमस्टलवीनमध्ये शोधायचं ठरलं. नावात "वेन" आहे तो दलदलीच्या मातीचा, पीटचा. ती माती खणून, वाळवून शेकडो वर्षं लोकांनी जाळायला विकली. जमीन खचली, तळी झाली, मग पाणी उपसून पुन्हा जमीन केली. 1964 पर्यंत गावाचं सरकारी नावही वेगळं होतं, निव्हर-अ‍ॅमस्टल. आज तिथे जपानी आणि भारतीय कुटुंबं इतकी आहेत की मेथीची जुडी आणि हापूसची पेटी शोधायला लांब जावं लागत नाही.

घर शोधताना पहिला धक्का म्हणजे आपली परीक्षा घेतली जाते. पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र, बँकेचा हिशेब. पगार भाड्याच्या तिप्पट तरी हवा, काही ठिकाणी चौपट. शिवाय एका दलालाने महिन्याच्या भाड्याएवढी फी घेतली. पुढे कळलं की घरमालकासाठी काम करणाऱ्या दलालाने भाडेकरूकडूनही पैसे घेणं तिथे बेकायदा आहे, 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ते स्पष्ट केलंय. पण परक्या देशात थंडी सुरू व्हायच्या आत छप्पर हवं असलेला माणूस कायद्याची पानं उलटत बसत नाही. भरले.

दुसरा धक्का घराचा. जाहिरातीत एक शब्द होता, "काल". आपला कालचा दिवस नव्हे. डच भाषेत काल म्हणजे टकला, उघडाबोडका. घर "काल" मिळणार म्हणजे दिव्यांची होल्डरं नाहीत, पडद्यांच्या दांड्या नाहीत, आणि जमीनसुद्धा नाही. खाली नुसतं काँक्रीट. फरशी हा प्रकार तिथे भाडेकरूने आणायचा आणि जाताना उचलून न्यायचा, आपण गॅसची शेगडी नेतो तशी. आमच्या आधीच्या भाडेकरूने लॅमिनेटच्या पट्ट्या आणि पडदे मिळून सहाशे युरोला आम्हाला विकले. मी बाबांना फोनवर सांगितलं की जमीन विकत घेतली. ते म्हणाले, "किती वार?"

भाडं पंधराशे पन्नास युरो, दोन महिन्यांचं डिपॉझिट. करार 1 सप्टेंबर 2017 ते 31 ऑगस्ट 2019, बरोबर दोन वर्षांचा. मालकीणबाई उत्तरेकडच्या एका गावात राहायच्या. हे त्यांच्या आईचं घर होतं. किल्ली देताना त्यांनी न्हाणीघरातली एक सैल टाइल स्वतःहून दाखवली आणि अहवालात लिहून घेतली, म्हणजे ती पुढे माझ्या माथी यायला नको. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वस्ती 1970च्या दशकातली. वरून नकाशा पाहिला तर गल्ल्या अशा गोल-गोल, फाटे फुटलेल्या की डच लोक त्या काळच्या असल्या वस्त्यांना फ्लॉवरच्या गड्ड्याचं नाव देतात. सरळ रस्ता नाहीच, कारण सरळ रस्त्यावर गाड्या पळतात. आमची गल्ली म्हणजे "वोनएर्फ". वोन म्हणजे राहणं, एर्फ म्हणजे अंगण. 1976 पासून तिथे हे कायद्यात आहे: अशा गल्लीत गाडीने अगदी हळू जायचं, आणि मुलं रस्त्याच्या मधोमध खेळू शकतात. आपल्या पोळीत हे कायद्याशिवाय होतं, हे खरं. पण आता पोळीत स्कूटरवाल्याला कोण सांगणार?

शांतता इतकी की पहिल्या आठवड्यात कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. बायकोने नंतर कितीतरी दिवस शिट्टीवर टॉवेल धरला. रविवारी ड्रिल मशीन लावायची नाही, हे कुठे लिहिलेलं नसतं आणि सगळ्यांना माहीत असतं. मोठ्या खिडक्यांना पडदे बहुतेक उघडेच; जाणाऱ्याला आतलं सगळं दिसतं आणि जाणारा बघत नाही. हे न बघणं मला जमायला सहा महिने लागले. 11 नोव्हेंबरला संध्याकाळी दारात मुलं कंदील घेऊन गाणी म्हणायला आली आणि आमच्याकडे द्यायला गोळ्या-चॉकलेट काही नव्हतं. मग बायकोने शिल्लक राहिलेल्या दिवाळीच्या शंकरपाळ्या मुठीमुठीने वाटल्या. पुढच्या वर्षी तीच मुलं आधी आमच्या दारात आली.

डावीकडच्या भिंतीपलीकडे ऐंशीच्या घरातल्या एक बाई एकट्या राहायच्या. त्यांच्यामुळे ही सगळी गोष्ट घडली. एकदा कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला म्हणून त्या सांगायला आल्या आणि चहाला थांबल्या. बोलताबोलता कळलं की त्या 1979 पासून याच घरात आहेत, तीन मुलं इथेच वाढली, नवरा इथेच गेला, आणि घर भाड्याचं आहे. गृहसंस्थेचं. भाडं आमच्या निम्म्याहूनही कमी, आणि घर अगदी आमच्यासारखंच, विटेला वीट. मी न राहवून विचारलं, इतक्या वर्षांत विकत का नाही घेतलं? त्या खरोखर गोंधळल्या. म्हणाल्या, "कशाला? मला कोण काढणार आहे?"

मंडळी, हे वाक्य आपल्या कानांना कसं लागतं बघा. आपल्याकडे "स्वतःचं घर" म्हणजे माणसाची इज्जत. मुलगी देताना पहिला प्रश्न तोच. आणि इथे एक बाई चाळीस वर्षं भाड्याने राहून ताठ मानेने विचारत होती की कशाला.

हा ताठपणा आभाळातून पडलेला नाही. त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचायला लागलो तेव्हा मला सारखा आमचा वाडा दिसायला लागला, कारण तारखा जुळत होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अ‍ॅमस्टरडॅममध्ये कामगारांची कुटुंबं ओल्या तळघरांत राहायची, कपाटासारख्या कोनाड्यात झोपायची. 1901 साली तिथे गृहनिर्माण कायदा आला. त्याने नगरपालिकांना बांधकामाचे नियम करायला लावले, राहण्यालायक नसलेली घरं बंद करण्याचा अधिकार दिला, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नफा न कमावणाऱ्या गृहसंस्थांना घरं बांधायला सरकारी कर्ज देण्याची सोय केली. माझ्या शेजारीणबाईंच्या घराचा खरा पाया हा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मिखेल द क्लेर्कने अशाच एका संस्थेच्या कामगारांसाठी बांधलेली "हेट स्खिप" म्हणजे "जहाज" नावाची इमारत आज लोक तिकीट काढून बघतात. मीही बघितली. गरिबांच्या घरावर इतकी नक्षी का, असं मनात आलं, आणि आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

मग पहिलं महायुद्ध. हॉलंड युद्धात नव्हतं, पण सामान महागलं, बांधकाम थांबलं, भाडी चढली. 1917 पासून तिथे भाड्यावर नियंत्रण आलं, भाडेकरूला सहज काढण्यावर बंधन आलं, आणि वाद सोडवायला भाडे समित्या नेमल्या. त्याच युद्धामुळे मुंबईतही भाडी भडकली होती आणि 1918 साली मुंबईचा युद्धकालीन भाडेनियंत्रण कायदा झाला. बडोदा तेव्हा वेगळं संस्थान, आपल्याला त्याची झळ नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात तर गंमतच. जर्मन हॉलंडमध्ये 10 मे 1940 रोजी शिरले, आणि तिथली भाडी 9 मे 1940 च्या आकड्यावर गोठवली गेली. इकडे मुंबईचा 1947 चा भाडेकायदा आला, त्यात "योग्य भाडं" ठरवायची तारीख होती 1 सप्टेंबर 1940. चार महिन्यांचा फरक! 1 मे 1949 ला बडोदा मुंबई प्रांतात विलीन झालं, तो कायदा आपल्याकडे आला, 1960 नंतर गुजरातनेही तोच चालू ठेवला. आमचे नऊ रुपये असे गोठले. आजोबा मरेपर्यंत म्हणत की हे खालच्यांनी केलं. खालच्यांनी काहीच केलं नव्हतं. ते फक्त 1940 साली तिथे राहत होते.

आणि 1947 साली हॉलंडमध्येही कायदा झाला, आपल्याहून कडक. राहण्याच्या जागेचं वाटप नगरपालिकेच्या हातात गेलं. परवानगीशिवाय कुणी कुठे राहायला जाऊ शकत नव्हतं. मोठ्या घरातल्या जादा खोल्या ताब्यात घेऊन तिथे दुसरं कुटुंब घालता यायचं. रॉटरडॅम बॉम्बफेकीत जळलेलं, युद्धात बांधकाम बंद, मग मुलांची लाट, वर इंडोनेशियातून परतलेली कुटुंबं. घरांची टंचाई हा राष्ट्राचा पहिल्या नंबरचा शत्रू, असं तिथे म्हटलं जायचं. शेजारीणबाईंनी लग्नानंतरची पाच वर्षं सासूच्या घरात पोटमाळ्यावर काढली. पहिलं मूल तिथे झालं. स्वयंपाकघर दोघींत एक, आणि सासू लोणी मोजून ठेवायची. "सासू" म्हणताना त्यांचा चेहरा जो झाला, तो बघून माझी बायको इतकी हसली की दोघींची मैत्री पक्की झाली.

म्हणजे 1950 साली दांडिया बाजार आणि अ‍ॅमस्टरडॅम यांत तसा फरक नव्हता. गोठलेली भाडी, एका घरात दोन बिऱ्हाडं, नळावरून भांडणं. फरक पडला तो पुढे. आपण भाडं गोठवलं आणि विसरलो. त्यांनी 1951 पासून भाडं हळूहळू वाढवू दिलं, आणि घरं बांधत सुटले. 1962 पर्यंत युद्धानंतरची दहा लाख घरं उभी राहिली. 1973 या एका वर्षात दीड लाखाहून जास्त. आमची गल्ली त्याच लाटेतली. तरी पुरली नाहीत. 30 एप्रिल 1980 ला राणी बेआट्रिक्सच्या राज्यारोहणाच्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅममध्ये घर नसलेल्या पोरांनी "घर नाही तर राज्याभिषेक नाही" म्हणत दंगल केली. बाई तेव्हा नुकत्या इथे आल्या होत्या. टीव्हीवर ते पाहताना आपल्याला घर मिळाल्याचा अपराधी आनंद झाला, असं म्हणाल्या.

1979 पासून तिथे गुणपद्धत आहे. घराला मार्क मिळतात आणि मार्कांवरून जास्तीत जास्त भाडं ठरतं. खोलीचा एक चौरस मीटर म्हणजे एक गुण. संडासाला तीन. ओटा दोन मीटरपेक्षा छोटा असेल तर चार, मोठा असेल तर सात. आता त्यात घर किती ऊब धरतं आणि घराची किंमत किती, हेही मोजतात. ठरावीक मार्कांच्या वरचं घर "मोकळ्या" बाजारात जातं, आमचं तसंच होतं, म्हणून पंधराशे पन्नास. पण एक गोष्ट मोकळ्या बाजारातही होती: बेमुदत करार असेल तर मालक "निघा" म्हणून काढू शकत नाही. कायद्यातली ठरावीक कारणं लागतात, आणि घर विकायचंय हे कारण त्यात बसत नाही.

2018 च्या उन्हाळ्यात बाबा आले. आई जाऊन चार वर्षं झाली होती. दिवसभर वोनएर्फमधल्या बाकावर बसायचे, आणि थोड्याच दिवसांत शेजारीणबाईही. बाबांचं इंग्रजी सयाजीराव विद्यापीठाचं, बाईंचं टीव्हीवरचं. पण दोघांना हिशेबाची आवड. एक दिवस जेवताना बाबा म्हणाले, "काय रे, ती भाडेकरू आहे? मग दाराला रंग कुणी दिला?" मी सांगितलं, संस्थेने, काही वर्षांनी एकदा बाहेरून देतात. बाबा बराच वेळ पोळीचा तुकडा हातात धरून बसले.

मग त्यांना गुणपद्धतीचा नाद लागला. माझ्या घराचे गुण काढले, बाईंच्या घराचे काढले. शेवटी एका रात्री वहीत खालच्यांच्या दोन खोल्या मांडल्या, मापं पाठ होती त्यांना. एक नऊ मीटर, एक अकरा. वीस गुण. ओटा नव्हताच, चूल आणि शेगडी, म्हणजे शून्य. संडास मागच्या अंगणात, चार बिऱ्हाडांत एक. त्याचे गुण कसे वाटायचे यावर अडले. मी म्हटलं, बाबा, जाऊ दे. ते म्हणाले, "नाही, बघू तर दे, आपण काय देत होतो ते." वही तशीच मिटून ठेवली.

आता खरी गोष्ट. 9 ऑगस्ट 2019. मालकीणबाईंचा मेल आला: करार 31 ऑगस्टला संपतोय, घर रिकामं करून द्यावं, विकायचं आहे. बावीस दिवस. दोन वर्षांत आम्ही इतके रुळलो होतो की करार पुढे चालणारच असं धरून बसलो होतो. चूक माझी. मुलगी भाषेच्या वर्गातून वर्षाने शाळेत आली होती, आता सातव्या ग्रुपात जाणार होती. तिथे आठवा ग्रुप म्हणजे प्राथमिकचं शेवटचं वर्ष, आणि पुढे मूल कुठल्या वाटेच्या शाळेत जाणार ते तिथे ठरतं. घरं शोधली. जी होती ती दोन गावं पलीकडे, आणि भाडं तीनशेने जास्त.

शेजारीणबाईंना सांगायला गेलो. त्या बरीच वर्षं भाडेकरूंच्या संघात काम करत होत्या. त्यांनी चष्मा लावला, मेल वाचला, तारीख पाहिली, पुन्हा पाहिली. म्हणाल्या, "तुम्हाला जायची गरज नाही."

तर नियम असा. दोन वर्षांपर्यंतचे मुदतीचे करार हॉलंडमध्ये 1 जुलै 2016 पासून सर्रास चालू झाले. त्यात मालकाला मुदत संपल्यावर घर परत मिळतं, पण एक अट: मुदत संपण्याआधी तीन महिने ते एक महिना, या काळातच त्याने भाडेकरूला लेखी आठवण द्यायला हवी. नाही दिली, तर करार आपोआप बेमुदत होतो. मालकीणबाईंची वेळ 31 मे ते 31 जुलै होती. मेल आला 9 ऑगस्टला. नऊ दिवसांनी त्यांचं घर त्यांच्या हातून निसटलं होतं. (पुढे 1 जुलै 2024 पासून तिथे हे मुदतीचे करार काही मोजके अपवाद सोडून बंदच केले, आणि मधल्या भाड्याच्या घरांनाही गुणपद्धत लावली. त्यावर आता अनेक छोटे मालक घर रिकामं झालं की भाड्याने न देता विकून टाकतात. घर शोधणाऱ्या नव्या पोरांचे हाल वाढलेच आहेत. ते एक असो.)

त्या रात्री झोप आली नाही. हक्काचा आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांसमोर आजोबा यायचे, कोर्टाच्या पिशवीसकट. मी "खालचा" झालो होतो. आणि मालकीणबाई काही कुणी धनदांडग्या नव्हत्या. आईचं घर विकून भावाचा वाटा द्यायचा होता त्यांना. भाडेकरूसकट घर विकलं तर किंमत पुष्कळ कमी येते. बायकोचं म्हणणं स्पष्ट होतं: "कायद्याने आहे ते घ्यायला लाज कसली? पोरीचं वर्ष आहे." तिचं माहेर भाड्याच्या घरात वाढलेलं. ती कुठल्या बाजूने बोलते हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं.

सकाळी बाबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या बाईला फसवू नकोस. घर तिचं आहे." मी म्हटलं, ठीक. मग म्हणाले, "पोरगी कितवीत?" सांगितलं. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "राहा. पण तिला तारीख लिहून दे. कधी सोडणार ते. अरे, साठ वर्षांत आम्हाला खालच्यांनी तारीख सांगितली नाही आणि आम्ही कधी विचारली नाही. आम्ही फक्त 'निघा' म्हणत होतो."

मालकीणबाई पुढच्या शनिवारी आल्या. त्यांना तोवर कुणीतरी कायदा समजावला होता. दारात उभ्या राहिल्या तेव्हाच चेहरा उतरलेला. आम्ही त्यांना कागद दिला. शेजारीणबाईंनी नीट डचमध्ये लिहून दिलेला. करार बेमुदत झाला हे मान्य. पण मुलीची शाळा संपली की 31 जुलै 2021 ला आम्ही आपणहून घर सोडू. दर वर्षाची भाडेवाढ देऊ. त्यांनी तो दोनदा वाचला. "तुम्ही हे का करता?" म्हणाल्या. मला नीट उत्तर देता आलं नाही. माझ्या आजोबांचं घर होतं, एवढंच म्हणालो. त्यांना काय कळलं असेल कोण जाणे. सही केली आणि जाताना त्या सैल टाइलकडे बघून म्हणाल्या की ती आता त्यांनाच बसवून द्यावी लागणार. पुढच्या आठवड्यात माणूस आला.

आम्ही शब्द पाळला. मधल्या दोन वर्षांत घरांच्या किमती अशा चढल्या की मालकीणबाईंना 2019 पेक्षा पुष्कळ जास्त पैसे मिळाले. नशीब म्हणायचं. तसं झालं नसतं तर हीच गोष्ट मी इतक्या मोकळेपणाने सांगितली असती का, सांगता येत नाही.

जुलै 2021 ची शेवटची कामं. घर "काल" घेतलं होतं, "काल"च द्यायचं. सहाशे युरोची ती जमीन मी आणि मुलीने दोन दिवस गुडघ्यांवर बसून उखडली, पट्ट्या गाडीत भरून नगरपालिकेच्या कचरा-केंद्रावर नेल्या. पडद्यांच्या दांड्या काढल्या, भिंतींची भोकं लांबीने बुजवली. नुसतं काँक्रीट उरलं. बोललं की आवाज घुमायचा. शेजारीणबाई दारात आल्या, आत डोकावल्या, आणि म्हणाल्या की त्यांनाही कधीतरी हे करावं लागेल, पण तेव्हा मुलं करतील.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉल केला. "दाखव, काय राहिलंय," म्हणाले. मी फोन फिरवून रिकामी खोली दाखवली. काँक्रीट, कोपऱ्यात झाडू, खिडकीत उन्हाची तिरीप.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खालच्यांनी जाताना फरशी धुऊन दिली होती. दोन्ही खोल्या. बिल्डर दुसऱ्या दिवशी पाडणार, हे माहीत असताना. त्यांची सून संध्याकाळपर्यंत घासत होती. कोनाड्यात दिवा लावून गेली."

मी म्हटलं, "हे कधी सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं," बाबा म्हणाले. "झाडू मारून घे परत, त्या खिडकीखाली धूळ दिसतेय."